टॉर्च घेऊन ये

जुनी लेन्स बघायला येशील तेव्हा, तौफिक,
टॉर्च घेऊन ये. मोबाईलचा चालेल.
घाई तेवढी सावळजलाच ठेव.

काउंटरवर काळं फडकं अंथरलेलं असतं माझ्या.
त्यावर लेन्स धर, मागून उजेड मार,
तिरका.
सरळ उजेडात सगळ्याच सोवळ्या दिसतात.
तिरक्यात कळतं कुणाच्या पोटात बुरशी आहे:
काचेच्या कडेनं पांढरी मुळं,
कोळ्यानं अर्ध्यात सोडलेलं जाळं.

सांगलीत हे बघावंच लागतं.
पुरात जे माळ्यावर चढवलं
ते भिजलं नाही, पण हवेलाही मुकलं.
"अजिबात वापरलेली नाही, ताई," म्हणत विकायला आणतात.
मला तिथंच शंका येते.

रिंग कानाशी धरून फिरव.
कुरकुरली तर समज, हरिपूरच्या वाळूत
कुणाचं तरी प्री-वेडिंग झालेलं आहे.
पात्यांवर तेल दिसलं, खाली ठेव.
बॉडीचं शटर किती वेळा पडलं ते विचार;
विकणारा एकदम चहाचं विचारू लागला
तर चहा पी आणि ऊठ.
आपलं कार्ड घालून आभाळाचा फोटो काढ, अॅपर्चर सोळावर.
काळे ठिपके मोज. ठिपके निघतात,
ओरखडे निघत नाहीत.

तू म्हणतोस फुल फ्रेमच हवा.
कोण म्हणालं? मित्र.
मित्र काय काढतो? अजून काही नाही, घ्यायचाय त्याला.
बरं.

पस्तीस हजारात बॉडी जुनी घे, लेन्स चांगली घे.
पन्नासची, एक पॉइंट आठ.
छोट्या सेन्सरवर माणूस जरा अंगावरच येतो,
मग दोन पावलं मागं सर,
मागं गटार नाही ना बघून.

आणि मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू असताना
लेन्स बदलू नकोस, हात जोडते.
मी बदलली होती.
मग अख्खा हंगाम, दुपारच्या उन्हातल्या
प्रत्येक नवऱ्याच्या कपाळावर
त्याच जागी तोच करडा डाग.
एका नवरीनं आल्बम बघून विचारलं,
"यांना तीळ कधी आला?"
मी म्हणाले, शुभ असतो.

काल तू आलास.
खिशात बेदाण्याच्या शेडवरचे पैसे,
नोटांना अजून गंधकाचा वास.
मी पन्नासची काढली, पुसली, फडक्यावर ठेवली,
किंमत सांगितली.
तू काही न बोलता टॉर्च काढलास
आणि तिरका धरलास.

मीच शिकवलेलं.

कडेला, अगदी कडेला, एक बारीक मूळ.
"ताई, हे पुसता येतं का?"
बाहेरचं येतं.
तू माझ्याकडं बघितलंस, रागानं नाही,
नुसतं, फोकस लागेपर्यंत बघतात तसं.
मला माहीत होतं, तौफिक.
नक्की नव्हतं, पण तिरका उजेड मी मारला नव्हता.
मारला असता तर माहीत झालं असतं.

मग मी माझ्या बॅगेतली काढली,
रोज लग्नात फिरणारी, रंग उडालेली.
तू तीही तपासलीस. बरं केलंस.
हजार कमी घेतले.
टोपण हरवलंय तिचं, नवं घे,
आणि हवाबंद डब्यात ठेव,
चपलांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या पुड्या टाकून.
नुसती ठेवू मात्र नकोस. दर आठवड्याला बाहेर काढ,
काही नाही सुचलं तर शेडवरच्या बायकांचे हात काढ,
खिडकीच्या बाजूनं उभा राहून,
कोपरं बरगड्यांना टेकवून,
श्वास सोडता सोडता.

तुझी तासगाव गाडी गेली असेल तोवर
मी शटर अर्धं खाली ओढलं,
शेल्फवरच्या उरलेल्या अकरा
फडक्यावर ओळीनं मांडल्या,
दिवा घालवला.
मोबाईल शोधायला जरा वेळ लागला.